पाटीवरचं नाव

बेटावर उतरल्या उतरल्या गाइडने पाहुण्यांना पाटी वाचून दाखवली. "पक्ष्यांपासून वीस पावलं लांब राहा. हात लावू नका. ते खात असताना फोटो काढू नका, बुजतात." पाहुणे गुणी निघाले. तासभर कुणी ब्र काढला नाही.

परतताना बेटावरचं एकुलतं एक घर लागलं. गाइडची आई पायरीवर जेवत बसली होती. बघता बघता तिच्याभोवती कॅमेऱ्यांचं कोंडाळं जमलं. एका बाईने तर तिच्या सुरकुतलेल्या गालावरून बोट फिरवून पाहिलं.

आईने हातातला घास ताटात परत ठेवला आणि लेकाकडे पाहिलं.



"पुढच्या खेपेला रंगाचा डबा आण रे. त्या पाटीवर पक्ष्यांच्या खाली माझंही नाव घाल."