निळ्या तोंडाची वायर

दोन हजार अठरा साली, बुटांचा कारखाना रिकामा करून द्यायला दहा दिवस उरले असताना, आईने मुलाच्या कॅमेऱ्याची वायर चोरली.

मुलगा परदेशातून पाच दिवसांसाठी आला होता. वडील बूट शिवायचे. ते गेल्यावर मागे उरली गिऱ्हाइकांच्या मापाची बेचाळीस लाकडी पावलं. एकेक पाऊल कॅमेऱ्यासमोर फिरवलं, की त्याचा उंचसखल आकार जसाच्या तसा कॉम्प्युटरमध्ये उतरायचा. "पावलं ठेवायला जागा नाही, निदान आकार तरी राहतील," तो म्हणाला होता. सोमवारी कामावर हजर झाला नाही, तर नोकरी जाणार होती.

आईला एवढंच कळत होतं, की काम संपलं की हा जाणार. सहा वर्षांनी आला होता. तो आंघोळीला गेला, तेव्हा तिने कॅमेऱ्याची जाड, निळ्या तोंडाची वायर दोऱ्यांच्या डब्यात तळाशी घातली आणि तिच्या जागी जुन्या मोबाइलच्या चार्जरची बारीक वायर खोचली.

कॅमेरा सुरू व्हायचा, अर्धं पाऊल दिसायचं, की चित्र तुटायचं.

"तुझे बाबा चार खिळ्यांत बूट उभा करायचे," ती म्हणाली. "तुझं एवढं यंत्र, आणि बसल्या जागी आडवं?"

"पोर्ट ढिलं असेल," तो म्हणाला आणि टेबलाखाली शिरला.

दुसऱ्या दिवशी ती डोळे तपासायला गेली. तिथे ही रांग. संध्याकाळी परतली, तर तो बाकावर गाढ झोपला होता, बाह्या धुळीने माखलेल्या. फळीवरची पावलं मात्र पुसून लख्ख.

"एकही झालं नाही गं," तो उठून म्हणाला. "मग पुसत बसलो."

तिचा हात डब्यापर्यंत गेला आणि मागे आला.

पुढे रोज तेच. तो वायर काढायचा, दुसऱ्या पोर्टात घालायचा, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावायचा. मधल्या वेळात एखादं पाऊल हातात घेऊन विचारायचा, "हे कुणाचं?"

"पोस्टमास्तरांचं. अंगठा वाकडा, स्वभाव सरळ."

"आणि हे चिमुकलं?"

"तुझंच. शाळेच्या पहिल्या बुटांचं. रडून घर डोक्यावर घेतलं होतंस."

सोमवार आला नि गेला. तो फोनवर हलक्या आवाजात बराच वेळ बोलला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, वायर तपासा."

दहाव्या दिवशी किल्ली मालकाच्या हातात पडली. त्याच दिवशी तो गेला. महिन्याभरात नोकरी गेल्याचं कळलं. आपण लेकाच्या पोटावर पाय दिला, हे तिच्या मनातून गेलं नाही. दर फोनला शब्द ओठांवर यायचे आणि ती विचारायची, "जेवलास का?"

कारखान्याचं आता गोदाम झालंय. लाकडी पावलं भंगारात गेली. मुलगा चार वर्षांनी हृदयविकाराने गेला, तिकडेच. गेल्या वर्षी सून त्याची बॅग घेऊन आली. आईने तिच्यापुढे दोऱ्यांचा डबा उपडा केला, वायर दाखवली आणि सगळं सांगून टाकलं.

सुनेने बॅगेतून तसलीच एक निळ्या तोंडाची वायर काढून शेजारी ठेवली आणि त्याचा कॉम्प्युटर उघडला. बेचाळीसच्या बेचाळीस पावलं पुरी उतरलेली होती, आणि प्रत्येकाखाली तारीख होती, आई डोळे तपासायला गेली होती त्या दिवसाची.