वीतभर आभाळ

चित्रकलेच्या सरांनी नवा कॅनव्हास स्टँडवर ठेवला आणि शिंपीणबाईंच्या मनात पाल चुकचुकली. चाळीस वर्षं कापड बेतलेल्या डोळ्याला टेप लागत नाही. कॅनव्हास मूळ चित्राच्या बरोब्बर मापाचा होता. पहिल्याच दिवशी सरांनी बजावलं होतं, गुरूच्या चित्रावरून शिकायचं तर नक्कल चार बोटं लहानच करायची, म्हणजे पुढे कुणी फसत नाही.

"सर, माप चुकलं नाही ना?"

"तुम्ही रंगवा," सर म्हणाले आणि खिडकीकडे वळले.

मूळ तैलचित्र सरांच्या दिवंगत गुरूंचं. नदीचं वळण, अलीकडे गवत, वर भरून आलेलं आभाळ. गुरूंच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, ते साफ करायला म्हणून आणून दिलं होतं. काकूंना आताशा दिसायचंही बेताचंच.

शिंपीणबाई महिनाभर रंगवत राहिल्या. नदी आली, गवत आलं, आभाळ काही येईना. तीनदा त्यांनी ते सुरीने खरवडून काढलं. चौथ्यांदा ढगाच्या पोटातला करडा रंग ओला असतानाच अंगठ्याने पुसला, तेव्हा सर मागे येऊन उभे राहिले. "आता उतरलं," ते म्हणाले. साठीत पहिल्यांदा कुणी असं म्हणालं होतं. शिंपीणबाई हरखून गेल्या.

पण लगेच सरांनी पुढचं सांगितलं. कोपऱ्यातली गुरूंची सहीही उतरवायची, आणि सगळं वाळलं की चित्र जुनं दिसावं म्हणून वरून पातळ तपकिरी हात फिरवायचा. शिंपीणबाईंचा आनंद तिथेच विरला. म्हातारीला टोपी घालायचा बेत, आणि टोपी शिवणारे हात आपले! सर चहा सांगायला खाली गेले तेवढ्यात त्यांनी पिशवीतून सुई काढली आणि आपल्या कॅनव्हासच्या मागच्या कडेला लाल दोऱ्याचा एक टाका घातला.

चित्र वाळायला आणखी दोन महिने गेले. काकू न्यायला येणार त्या दिवशी शिंपीणबाई मुद्दाम लवकर येऊन बसल्या. काकूंसमोर सरांनी चित्र जाड कागदात गुंडाळलं. दोरी बांधताना मी धरते, असं म्हणत शिंपीणबाईंनी कागदाच्या आत बोटं सरकवली. टाका हाताला लागला. संशय खरा ठरल्याचं त्यांना जराही बरं वाटलं नाही.

"काकू, हे तुमचं चित्र नाही. हे मी काढलंय. मागचा लाल टाका माझा आहे."

सरांचे हात दोरीवरच थांबले. काकूंनी दाराच्या दिशेने कान दिला.

"हळू बोला. मुलगा जिन्यात उभा आहे." त्यांचा आवाज अगदी खाली आला. "सोफ्याच्या वर मावत नाही म्हणून वरचं आभाळ वीतभर कापणार आहे तो. माझं ऐकत नाही. म्हणून याला मीच सांगितलं, त्याच मापाचं दुसरं कर, खरं तुझ्याकडेच राहू दे."

सरांनी मान खाली घातली.

"तेवढा टाका काढून टाका," काकू म्हणाल्या. "आमच्या सुनेची नजर बारीक आहे."

शिंपीणबाईंनी कागद उलगडला. चौथ्यांदा उतरलेलं ते आभाळ बघून त्यांचा जीव तुटला. मग त्यांनी पिशवीतून कात्री काढली.