कापसाचा ग्रह

"वाफ पायजे," जोतीराम म्हणाला. "एवढ्या थंडीत माणूस बोललं की तोंडातनं वाफ निघती. न्हाय निघाली तर लोक हसतील."

१९७६ चा मे महिना होता आणि सोलापुरातल्या त्या गोदामात पत्र्याखाली माणूस भाजून निघत होता. जमिनीवर गुडघाभर कापूस पसरलेला. तो उडू नये म्हणून पंखा बंद. कापूस म्हणजे बर्फ आणि गोदाम म्हणजे आकाशातला कुठलासा गोठलेला ग्रह. जोतीराम दुकानांच्या पाट्या रंगवायचा, पण हे पिक्चर काढायचं डोक्यात घेतलं ते घेतलंच. आता शेवटचा शॉट राहिला होता आणि त्या एका शॉटपुरतीच फिल्म शिल्लक होती.

पिक्चरात ग्रहावरची सगळी माणसं मेलेली, एकटी गौरम्मा उरलेली. काळं घोंगडं पांघरून राक्षस झालेला मायाप्पा तिच्यावर चालून येतो. ती पळत नाही. "मी हाय अजून," एवढंच म्हणते. पुण्याहून आणलेली नटी दुसऱ्याच दिवशी चक्कर येऊन पडली आणि परत गेली. तेव्हापासून बिड्या वळणारी गौरम्मा अंगावर दोन चादरी घेऊन न कुरकुरता उभी राहत होती.

कॅमेऱ्यामागच्या शिवपुत्रनं खिशातली बिडी पुढं केली. "धूर चालंल की."

सगळ्यांनी गौरम्माकडं पाहिलं. गौरम्मानं तीस वर्षं रोज हजार बिड्या वळल्या होत्या, पण एकही ओठाला लावली नव्हती. आईनं तशी शपथच घातली होती.

"ऱ्हाऊ द्या मावशी," जोतीराम म्हणाला.

तिनं बिडी उलटसुलट करून पाहिली. "कुणी वळली ही? पान कच्चं हाय." आणि पिशवीतून स्वतःची काढली.

कापसाजवळ विस्तव नेला असता तर ग्रह आणि माणसं दोन्हींची राख झाली असती. त्यामुळे बिडी दाराबाहेर ओढायची, श्वास रोखायचा आणि दहा पावलं आत येऊन मग बोलायचं. आधी फिल्म न चालवता तालीम झाली. तिसऱ्या पावलाला तिला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्या वेळी सातव्या पावलाला नाकातून धूर सुटला.

प्रत्येक शॉटनंतर फेकायचा तसं मायाप्पानं घोंगडं भिरकावलं. "बास झालं. जीव जाईल बाईचा."

"तू राक्षस हाईस," गौरम्मा म्हणाली. "माझी काळजी करू नगंस. घोंगडं घे."

मग जोतीरामकडे वळून म्हणाली, "चालू करा मशीन."

ती बाहेर गेली. खोल झुरका घेतला, बिडी उंबऱ्यापलीकडं चुरडली आणि आत आली. तिसरं पाऊल गेलं. सातवं गेलं. गळ्याची शीर तटतटली होती. दहाव्या पावलाला घोंगडं समोर उभं राहिलं. घामावर कापसाचे तंतू चिकटून तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. तिनं मान वर केली.

"मी हाय अजून."

पांढरी वाफ सावकाश वर गेली. कॅमेरा खरखरत थांबला आणि मगच ती खाली बसून पोटभर खोकली.

 जोतीरामनं मायाप्पाकडं पाहिलं. मायाप्पा कापसात बसला होता आणि घोंगडं काढायचं सोडून ते थंडी वाजल्यासारखं अंगाभोवती आणखी घट्ट ओढून घेत होता.