आईनेच आधी पाहावं

सोनू चालला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. ममता टाळ्या वाजवणार तोच शेवंताकाकूने तिचा हात धरला आणि बजावलं, "याच्या आईले सांगू नको."

खुर्सीपार वस्तीतल्या त्या पाळणाघराचा हा नियमच होता. पहिला दात, पहिला शब्द, पहिलं पाऊल, यातलं काहीही तिथं घडत नसे. घडलं तरी घडलं नाही म्हणायचं. आया दिवसभर बाहेर राबतात, निदान एवढं तरी त्यांनी आपल्या डोळ्यांनी सगळ्यांच्या आधी पाहावं, असं काकूचं म्हणणं. हाताखालची ममता नवी होती. तिला हे पटलं नाही, पण काकूपुढे बोलायची सोय नव्हती.

सोनू दीड वर्षाचा. मुरमुरा दोन बोटांनी अचूक उचलायचा, डब्यावर डबा रचायचा, पण पायांवर भार द्यायला काही तयार नाही. रांगणंसुद्धा त्याला नको. महिनाभर काकूने त्याला पाटाला धरून उभं केलं, आवडीचा डबा स्टुलावर ठेवून उठायला लावलं. आज तो आपणहून उठला आणि डुलत डुलत समोरच्या भिंतीपर्यंत गेला. काकूचे डोळे भरून आले. तरी तिने तोंडाला कुलूप लावलं.

साडेपाचला त्याची आई नूतन आली. ती स्टील प्लांटच्या कॅन्टीनमध्ये ठेक्यावर काम करायची. आल्या आल्या तिचा रोजचाच प्रश्न, आज काही नवीन केलं का. काकू म्हणाली, जेवला, झोपला, अजून काय करणार. नूतनचं तोंड उतरलं. गुरुवारी ती त्याला मोठ्या डॉक्टरकडे नेणार होती. पायांत दोष निघाला तर, या धास्तीने तिला आठ दिवस झोप नव्हती. काकूने तिच्या पाठीवरून हात फिरवला. आज ना उद्या घरीच चालेल, मग बघ कशी नाचशील, असं मनातल्या मनात म्हणून काकूला जरा मजाही वाटली.

निघताना नूतन म्हणाली, "नळाची वेळ झाली, काकू. हे सेकंड शिफ्टले गेले. याले पायरीवर बसवून पाणी भरा लागते. एवढं एक बरं हाय, बसवला तिथंच बसते."

काकू हसली. आपण तेव्हा हसलो, हे नंतर तिला फार लागलं.

चटया गुंडाळताना तिचा हात थांबला. नूतनचं घर तिच्या डोळ्यांपुढे आलं. एका विटेच्या उंचीची पायरी. डावीकडे गल्लीच्या टोकाला नळ. उजवीकडे लगेच रस्ता, आणि त्यावरून जामुलकडचे सिमेंटचे ट्रक. आणि बसवला तिथंच बसणारा सोनू आजपासून चालत होता. तिने फोन लावला. घंटी वाजत राहिली. नळावर फोन घेऊन कोण जातं? राहिलेली दोन पोरं ममताच्या हवाली करून ती पायात चपला सरकवून निघाली, आणि दुसऱ्या वळणावर तिच्या लक्षात आलं, चपला दोन जोडांच्या होत्या.

मन चिंती ते वैरी न चिंती. लांबून ट्रकचा हॉर्न ऐकू आला तरी ती पळायला लागायची. कोणी विचारलं, काय झालं काकू, तर न थांबताच पुढे जायची. कोपऱ्यावर माणसं जमलेली दिसली तेव्हा ती कोपरांनी वाट काढत आत घुसली. ती गुपचुपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, ठेल्याभोवतीची गर्दी होती.

नूतनच्या घराचं दार सताड उघडं होतं. पायरी रिकामी होती.

काकूने आधी रस्त्याकडे पाहिलं. पाहवत नव्हतं तरी पाहिलं. रस्त्यावर काही नव्हतं. मग तिला मागून नूतनचा आवाज आला. गल्लीच्या मधोमध सोनू दोन्ही हात पसरून नळाच्या दिशेने चालला होता. पुढे नूतन गुडघ्यांवर बसून त्याला बोलावत होती, तिच्या मागे नळाखाली ठेवलेला पाण्याचा गुंड भरून वाहत होता. सोनू धडपडला, सावरला आणि आईच्या अंगावर जाऊन पडला.

"काकू, पाह्यलं तुम्ही? पहिल्यांदा चालला. माह्या डोळ्यांपुढं चालला." नूतन रडतही होती आणि हसतही होती. आता डॉक्टरकडे जायची गरज नाही, असं ती नळावरच्या बायांना सांगत सुटली.

काकू भिंतीला टेकून उभी होती. गप्प राहिली असती तर कोणाचंच काही बिघडणार नव्हतं. नूतनचा आनंद नूतनकडे राहिला असता. पण काकूची नजर अजून त्या रिकाम्या पायरीवरच होती.

"पहिल्यांदा नाही, नूतन," ती म्हणाली. "दुपारीच चालला. अकरा पावलं टाकली त्यानं. मी तुह्यापासून लपवलं."

नूतनचं हसू विरलं. "कावून?"

काकूने तिला नियम सांगितला. इतकी वर्षं सांगताना तो चांगला वाटायचा. आज तिला स्वतःच्याच शब्दांची भीती वाटली.

नूतन रागावली की काय, कळेना. तिने सोनूला कडेवर घेतलं आणि पायरीपाशी आली. पायरीला टाच लावून ती उजवीकडे निघाली, लेकराच्या पावलाएवढं एकेक पाऊल टाकत, मोजत. रस्त्याच्या कडेला येऊन थांबली. समोरून एक ट्रक धूळ उडवत गेला.

"सातच होतात, काकू," ती म्हणाली.