खारीची खोली

आपण बँकेत गेल्यावर खारीला कुठे ठेवायचं, हा निशिकांतचा प्रश्न महिनाभर सुटत नव्हता. घरी एकटी राहिली की ती कुत्री दिवसभर रडायची, आणि कुत्र्यांच्या दोन पाळणाघरांतून तर ती उपाशीच परतली होती.

कामावर जाता जाता तो तिसऱ्या ठिकाणी थांबला, तेव्हा मालकीण शालनताईंनी त्याला कडुनिंबाखालची विटांची बुटकी खोली दाखवली. निशिकांतने फरशीबद्दल विचारलं, वाऱ्याबद्दल विचारलं, मग उन्हाबद्दलही.

"मला काय विचारताय? आत बसून बघा की."

इस्त्रीचे कपडे सांभाळत तो वाकून आत शिरला. खारी दारातच थांबली. फरशी गार होती आणि मागच्या जाळीतून छान वारा येत होता. त्याने भिंतीला पाठ टेकली.

जाग आली तेव्हा साडेबारा वाजले होते. बँकेतून सात फोन येऊन गेले होते. खारी त्याच्या मांडीवर डोकं ठेवून घोरत होती, आणि शेजारी तिची जेवणाची ताटली चाटूनपुसून लख्ख झाली होती.

"हिला उद्यापासून आणा," शालनताई दारातून म्हणाल्या. "तुमची सोय मात्र आमच्याकडे नाही."