दहावा शब्द

"किनुए-सान, उद्या परीक्षेला बसूच नका. आजच निरोप घ्या, मी छान समारंभ करते," सराईच्या मालकीणबाई म्हणाल्या.

"समारंभ कशाला? मी कुठे चाललेय?" किनुएने पाहुण्यांची गादी जरा जोरातच झटकली.

सराईत परदेशी पाहुणे वाढले होते. म्हणून एक शिक्षक येऊन पाचही सेविकांना इंग्रजीतले दहा शब्द शिकवून गेला. उद्या त्याच दहांची परीक्षा, आणि सगळ्यांत कमी गुण मिळतील तिला नारळ. बासष्ट वर्षांच्या किनुएची एकोणचाळीस वर्षं इथल्या गरम पाण्याच्या कुंडांच्या वाफेत गेली होती. हे सोडून जायचं कुठे?

नऊ शब्द तिने घोटून घोटून पाठ केले. दहावा मात्र डोक्यात बसेना. 'गिव्ह अप' म्हणजे हार मानणं, शिक्षकाने कितीदा तरी सांगितलं. रात्री पाठ केलं की सकाळी पाटी कोरी.

"गिव्ह म्हणजे देणं, अप म्हणजे वर. वर काय द्यायचं, डोंबल!" जेवताना ती करवादली.

"कोणता अडतोय?" रिहोने विचारलं. ही चोवीस वर्षांची पोरगी सगळ्यांत हुशार. कालच जिन्यात धापा टाकणाऱ्या एका अमेरिकन पाहुण्याकडे बघून ती वरून ओरडली होती, "डोंट गिव्ह अप!"

"दहावा."

"तेवढाच? नक्की?"

"तेवढाच. झालं समाधान?"

रिहोने भाताची वाटी संपवली आणि उठून गेली. समजावून सांगायचं राहिलंच बाजूला! मग चौघी स्वयंपाकघरात कुजबुजताना दिसल्या. किनुए येताच सगळ्या गप्प. तिला फार लागलं. पाहुण्यापुढे चहाचा पेला कसा ठेवायचा, हे या पोरींना तिनेच शिकवलं होतं.

सकाळी ती ताठ मानेने परीक्षेला बसली. नऊ उत्तरं लिहिली. दहाव्यापाशी पेन्सिल अडली ती अडलीच. तरी वेळ संपेपर्यंत ती जागची हलली नाही. काढायचं तर काढा म्हणावं, आपण होऊन उठणार नाही.

मालकीणबाईंनी तिथेच पेपर तपासले. तिसऱ्या पेपरला त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. पाचव्याला त्यांनी चष्मा काढला.

"पाचही जणींना नऊच? आणि दहावा सगळ्यांचा कोरा? रिहो, परवा जिन्यात तू हाच शब्द ओरडत होतीस ना गं?"

रिहो कमरेत वाकली.

"माफ करा, मालकीणबाई. हा शब्द आमच्यात कुणालाच येत नाही."