हवेतून भरणारा तलाव

सुरुवातीला वस्तीतल्या बायका खूश होत्या. पापड घातले की घटकेत वाळायचे. "टॉवरवाले हवेतलं पाणी ओढतात, आपलं भलंच झालं की!" असं रखमामावशी ज्याला त्याला सांगायची. ती यंत्रणा तिच्याच भाचीनं, हेमांगीनं आखली होती ना!

वस्तीला लागून उभ्या टॉवरच्या पोहण्याच्या तलावाला नळाचं थेंबभर पाणी लागत नव्हतं. जेवढं उडून जाई, तेवढं उन्हावर आपसूक चालणारी यंत्रं हवेतून शोषून पाइपांत सोडत. शोषणाची तोंडं हेमांगीनं वस्तीकडे ठेवली होती. दाटीतल्या माणसांचा श्वास, घाम, चुलीवरची वाफ. तिथली हवा सगळ्यांत ओली. ते पाणी कुणाचं, हे विचारायची त्या धंद्यात रीतच नव्हती.

आज मावशीनं तिला बोलावून तान्ही नात तिच्या मांडीवर ठेवली. पोर जीव तोडून रडत होती आणि डोळ्यांत टिपूस नव्हतं. ओठ फाटले होते.

"कितीही पाजा, कोरडीच. बंद कर बाई ते!"

हेमांगीनं टॉवरच्या मॅनेजरला फोन लावला. तो हसला. "मॅडम, बंद कुठून करू? व्हॉल्व्ह दाखवा."

व्हॉल्व्ह नव्हता. वस्तीतलं कुणी येऊन फिरवील, म्हणून तिनंच तो आराखड्यातून खोडला होता.

"झालं का गं बंद?" मावशीनं विचारलं.

"करते," हेमांगी म्हणाली. पोर मावशीकडे देऊन तिनं पापडाचं पीठ कुटायचं मुसळ उचललं आणि टॉवरची वाट धरली.